समुद्रफेस हा फेस नव्हे : आपल्या समुद्रातील कटलफिशची ओळख

पिंजऱ्यातला पोपट पाळणाऱ्या घरात एक पांढरी, लांबट, खडूसारखी वस्तू तारेने अडकवलेली असते. पोपट तिच्यावर चोच घासतो आणि तिचा चुरा खातो. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटातील पक्ष्यांच्या दुकानात ती मिळते, काष्ठौषधींच्या दुकानात मिळते आणि जुन्या सोनाराच्या पेटीतही सापडते. मराठीत तिला समुद्रफेस किंवा समुद्रफेन म्हणतात, उर्दूभाषक समंदर झाग म्हणतात आणि युनानी हकीम कफ-ए-दरिया म्हणतात. सर्व नावांचा अर्थ एकच, समुद्राचा फेस. त्यामुळे लाटांचा फेस वाळून घट्ट होतो व त्याची ही वस्तू बनते, असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

हा समज चुकीचा आहे. समुद्रफेस म्हणजे एका समुद्री प्राण्याच्या पाठीतील हाड. त्या प्राण्याला इंग्रजीत कटलफिश म्हणतात आणि बंदरावरचे व्यापारीही आता हेच नाव वापरतात. आपल्या बाजारात तो माकूल या नावाखाली विकला जातो. पण माकूल म्हटले की त्यात स्क्विडही येते, आणि येथेच पुष्कळ घोटाळा होतो. जो माल आपण विकतो, तो काय आहे, कुठे राहतो आणि किती दिवस जगतो, हे व्यापाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. म्हणून आजच्या लेखात एक साधा प्रश्न घेऊ या. कटलफिश आपल्या किनाऱ्याजवळच्या पाण्यात खरोखर राहतो का? राहत असेल तर कशावरून?

प्रश्न वाटतो तितका साधा नाही

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यावर किंवा मुंबईच्या ससून डॉकवर ज्यांचे आयुष्य गेले, ते म्हणतील की हा काय प्रश्न झाला? रोज टोपल्या उतरतात! त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण लांबच लांब समुद्रकिनारा असूनही ज्यांच्या पाण्यात एकही कटलफिश नाही, असे देश जगात आहेत. अमेरिकेचेच उदाहरण घ्या. तिच्या पूर्वेला अटलांटिक आणि पश्चिमेला पॅसिफिक महासागर आहे. तेथे स्क्विड भरपूर सापडते, ऑक्टोपसही सापडतो. कटलफिश मात्र उत्तर अमेरिकेच्या किंवा दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर राहत नाही. तेथील पोपटांना आणि सोनारांना लागणारा समुद्रफेस परदेशांतून जातो.

असे का व्हावे? याचे उत्तर त्या हाडातच आहे. कटलफिशच्या हाडात अत्यंत बारीक अशा शेकडो कप्प्यांची चळत असते. काही कप्प्यांत हवा आणि काहींत पाणी भरून हा प्राणी पाण्यात स्वतःला वर-खाली तोलून धरतो. पण पोकळ वस्तू फार खोल पाण्यात नेली तर दाबाने चिरडते. जातीपरत्वे साधारण दोनशे ते सहाशे मीटर खोलीवर हे हाड फुटते. म्हणून कटलफिश किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातच, तळाच्या आश्रयाने राहतो. त्याची अंडीही तळाच्या वनस्पतींना, प्रवाळांना किंवा पडलेल्या वस्तूंना चिकटवलेली असतात. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू लगेच आईबापासारखे तळाशी राहू लागते. इतर अनेक समुद्री जीवांची पिल्ले कित्येक आठवडे प्रवाहाबरोबर दूरवर वाहत जातात, तसे याचे होत नाही. मधला महासागर हजारो मीटर खोल, आणि उत्तरेकडे जिथे पाणी उथळ आहे तिथे ते अतिशय थंड. म्हणून युरोप, आफ्रिका, आशिया व ऑस्ट्रेलिया यांच्या किनाऱ्यांवर पसरलेला हा प्राणी अमेरिकेला पोहोचू शकला नाही, असे शास्त्रज्ञ मानतात.

म्हणजे समुद्र आहे म्हणून कटलफिश असेलच असे नाही. पुरावा पाहावा लागतो.

पहिला पुरावा : किनाऱ्यावर सापडणारे हाड

पावसाळ्याच्या आगेमागे कोकणच्या पुळणीवर फिरणाऱ्याला समुद्रफेसाचे तुकडे सापडतात. पण यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. हे हाड हलके असते. प्राणी मेला की ते शरीरातून सुटून पाण्यावर तरंगते आणि वारा व प्रवाह यांच्याबरोबर शेकडो मैल जाऊ शकते. एखाद्या गावच्या पुळणीवर हाड सापडले, एवढ्यावरून तो प्राणी त्याच गावासमोर राहतो असे ठरत नाही. रस्त्यात सापडलेल्या पावतीवरून दुकान कोणत्या गल्लीत आहे हे कळत नाही, तसेच हे आहे.

दुसरा पुरावा : जाळ्यात येणारा माल

हा पुरावा पक्का आहे. भारताच्या किनाऱ्यावर ट्रॉलर जाळ्यांत कटलफिश जिवंत व ताजा सापडतो आणि तो दरवर्षी सापडतो. आपल्या देशातील समुद्री मत्स्यव्यवसायाचे संशोधन करणारी केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्था १९४७ साली स्थापन झाली. तिचे मुख्यालय कोची येथे असून मुंबईत तिचे केंद्र आहे. या संस्थेने कटलफिश, स्क्विड आणि ऑक्टोपस यांच्यावर ई. जी. सायलस यांच्या संपादनाखाली १९८५ साली एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. संस्थेचे लोक बंदरांवर जाऊन मालाच्या जाती व मापे नोंदवतात. भारतातील पकडीचा मोठा हिस्सा गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक व केरळ या पश्चिम किनाऱ्यावरच्या राज्यांतून येतो.

व्यापाराच्या दृष्टीने महत्त्वाच्या चार जाती लक्षात ठेवाव्यात.

१) सेपिया फॅरोनिस. मिसरच्या फिरऔनवरून हिचे नाव पडले. एरनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १८३१ साली ते दिले. लाल समुद्रापासून पूर्वेला जपानपर्यंत ही जात पसरलेली आहे. आपल्याकडील ही सर्वांत मोठी जात. धडाची लांबी चाळीस सेंटिमीटरपर्यंत आणि वजन काही किलो भरू शकते. पाठीवर वाघासारखे आडवे पट्टे असतात. निर्यातीत हिला मान आहे आणि सोनाराला लागणारे मोठे हाडही हिचेच.

२) सेपिया ॲक्युलिएटा. ही मध्यम आकाराची जात. हिच्या हाडाच्या शेवटाला अणकुचीदार काटा असतो.

३) सेपिया इलिप्टिका. हीसुद्धा पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः गुजरातच्या बाजूला मिळते. आकाराने ती ॲक्युलिएटापेक्षा लहान असते.

४) सेपिएला इनर्मिस. ही लहान जात, धड साधारण वीतभराच्या आत. हिच्या हाडाला काटा नसतो. शेपटीच्या टोकाशी एक लहान छिद्र असते, त्यातून तांबूस-तपकिरी द्रव निघतो. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही.

तिसरा पुरावा : अंडी

मासळी दुरून पोहत आली आणि जाळ्यात सापडली, असे कोणी म्हणू शकेल. पण जेथे अंडी घातली जातात, तेथे त्या जातीचे घर आहे हे मान्यच करावे लागते. कटलफिशची मादी द्राक्षाच्या घडासारखे अंड्यांचे झुपके चिकटवते. सेपिया फॅरोनिसची अंडी पांढुरकी असतात, तर सेपिएला इनर्मिसची शाईमुळे काळी. म्हणून ती काळ्या द्राक्षांसारखी दिसतात. असे झुपके आपल्या किनाऱ्याजवळच्या पाण्यात, जाळ्यांत आणि दोरांवर सापडतात. केरळातील विळिंजम येथे संशोधकांनी अशी अंडी टाक्यांत उबवून पिल्ले वाढवलीही आहेत.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर पक्के झाले. कटलफिश भारताच्या किनाऱ्याजवळच्या पाण्यात राहतो, तेथेच अंडी घालतो आणि तेथेच मरतो. तो पाहुणा नाही, रहिवासी आहे.

कटलफिश आणि स्क्विड यांतील फरक

दोन्ही माकूलच, मग फरक कशाला, असे किरकोळ विक्रेता म्हणेल. पण कारखान्याला व परदेशी गिऱ्हाइकाला फरक हवा असतो. चुकीचे नाव लावलेला माल परत येऊ शकतो. ओळख अशी पटवावी.

स्क्विड लांबट व नळीसारखा असतो. त्याचे पर शेपटीकडच्या भागात त्रिकोणी असतात. पोटात बोट घातले तर पिसाच्या दांडीसारखी पातळ, पारदर्शक पट्टी निघते. कटलफिश रुंद, चपटा आणि लंबगोल असतो. त्याच्या धडाच्या दोन्ही बाजूंनी कापडाला झालर लावावी तसा अरुंद पर असतो. पाठ दाबून पाहिली की आत कडक हाड लागते. दोघांनाही आठ हात आणि शिकार पकडण्यासाठी दोन लांब सोंडा असतात. ऑक्टोपसला आठच हात असतात.

नावात ‘फिश’ असला तरी हा मासा नव्हे. तो शिंपले व कालवे यांच्या वर्गातला, मृदू शरीराचा प्राणी आहे. त्याला तीन हृदये असतात आणि रक्तात लोहाऐवजी तांबे असल्याने ते निळसर दिसते. आपल्या गिऱ्हाइकांच्या दृष्टीनेही या गोष्टीला महत्त्व आहे. शाफई मस्लकाचे कोकणी मुस्लिम माकूल आवडीने खातात. हनफी मस्लकात पाण्यातील प्राण्यांपैकी मासाच हलाल मानला जात असल्याने हनफी मंडळी सहसा तो टाळतात. म्हणून मिश्र वस्तीत माल ठेवणाऱ्याने तो मासा म्हणून खपवू नये. जे आहे ते सांगून विकावे आणि खाण्याचा निर्णय गिऱ्हाइकावर सोडावा.

माल हाताळताना

कटलफिशच्या पोटात शाईची पिशवी असते. जुन्या काळी युरोपात या शाईने लिहीत व चित्रे काढीत, आणि सेपिया या तपकिरी रंगाचे नाव तिच्यावरूनच पडले. पण व्यापाऱ्याला ही शाई नुकसानीची. पिशवी फुटली की पांढरे मांस काळे पडते आणि भाव उतरतो. टोपल्यांवर टोपल्या रचणे, पायाखाली तुडवणे, फावड्याने ओढणे या सवयींनी पिशव्या फुटतात.

याहून मोठी गोष्ट आतड्यांची. कटलफिशच्या यकृतासारख्या ग्रंथीत कॅडमियम हा विषारी धातू साठतो. माल सडू लागला किंवा आतडे फुटले तर तो मांसात उतरतो. युरोपीय संघाने आतडी काढलेल्या अशा मालासाठी एका किलोला एक मिलिग्रॅम अशी कॅडमियमची मर्यादा ठेवली आहे. ती ओलांडली तर माल नाकारला जातो. कारखान्यात कितीही धुतले तरी बोटीवर आणि धक्क्यावर झालेली चूक धुऊन निघत नाही. म्हणून माल सावलीत ठेवावा, बर्फ लगेच द्यावा, वितळलेल्या पाण्यात तो बुडवून ठेवू नये आणि लवकरात लवकर साफ करवून घ्यावा. युरोपला जाणाऱ्या मालाला २०१० पासून तो कोणत्या बोटीने पकडला याचा दाखलाही लागतो. तेव्हा पुरवठादाराने बोटीचे कागद सांभाळण्याची सवय लावून घ्यावी. निर्यातीची माहिती सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाकडे मिळते. ही सरकारी संस्था १९७२ पासून काम करीत आहे.

हाड फेकू नका

मांस विकले गेले आणि हाडांचा ढीग कचऱ्यात गेला, असे दृश्य साफसफाईच्या शेडमध्ये नेहमी दिसते. हा माल फुकट जातो. लहान व तुटकी हाडे पक्षी पाळणाऱ्यांसाठी चालतात, कारण त्यांत मुख्यतः चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट असते. मोठी, अखंड हाडे सोनार व चांदीकाम करणाऱ्यांसाठी ठेवावीत.

हाडे तयार करण्याची रीत सोपी आहे. मांसाचा अंश काढून टाकावा. गोड्या पाण्यात काही दिवस भिजत घालून पाणी रोज बदलावे, म्हणजे मीठ व वास जातो. नंतर उन्हात पुरती वाळवावीत. ओलसर हाड पोत्यात भरले तर सगळे पोते वास मारते. मोठी, मध्यम व तुकडे अशी तीन प्रतवारी करून विकल्यास भाव सांगता येतो.

ओतीव कामासाठी कारागिराने असे करावे. मोठे हाड मधोमध कापून दोन तुकडे करावेत, किंवा सारख्या मापाची दोन हाडे घ्यावीत. त्यांच्या मऊ बाजू एकमेकींवर घासून अगदी सपाट कराव्यात. अंगठी किंवा पदक यांचा टणक नमुना दोन्हींच्या मध्ये ठेवून सावकाश दाबावा. हाड मऊ असल्याने नमुन्याचा ठसा हुबेहूब उमटतो. पुन्हा जोडताना तुकडे हलू नयेत म्हणून तीन-चार बारीक खुंट्या बसवाव्यात. नमुना काढून धातू ओतण्यासाठी वर नाळक्यासारखी वाट कोरावी आणि हवा निघून जाण्यासाठी बारीक रेघा ओढाव्यात. दोन्ही तुकडे लोखंडी तारेने घट्ट बांधावेत. मुशीत टाकणखार घालून वितळवलेली चांदी किंवा सोने एका धारेत ओतावे. चांदी ९६२ अंशांना व सोने १०६४ अंशांना वितळते. एवढी उष्णता हे हाड एका ओतकामापुरती सोसते, आतून मात्र जळते. म्हणून एका साच्यातून सहसा एकच नग निघतो. दागिन्यावर लाकडाच्या शिरांसारख्या नाजूक रेषा उमटतात. काही कारागीर त्या घासून टाकतात, काही मुद्दाम ठेवतात.

दोन सूचना. घासताना उडणारी पूड फुप्फुसांना वाईट, तेव्हा नाकातोंडावर कापड बांधावे. आणि हाड पूर्ण कोरडे नसेल तर वितळलेला धातू उसळतो. हातावर, डोळ्यावर उडाला तर जन्माचे नुकसान होते. घाई करू नये.

थोड्या आयुष्याची ठेव

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हा प्राणी आपला रहिवासी आहे खरा, पण त्याचे आयुष्य फार थोडे. साधारण एक-दोन वर्षांत तो वाढतो, मादी अंडी घालते आणि मरते. म्हणजे पुढल्या हंगामाचा माल हा या हंगामाच्या अंड्यांवरच अवलंबून असतो. जुन्या माशांची शिल्लक येथे नसते. एका हंगामात अंडी बुडाली की पुढल्या हंगामात टोपली रिकामी.

कर्नाटकाच्या किनाऱ्यावर याचा अनुभव आला आहे. तेथे नारळाच्या पोयी व झावळ्या बांधून, वजन लावून समुद्रात सोडण्याची पद्धत सुरू झाली. अंडी चिकटवण्यासाठी जागा शोधणारे मोठे कटलफिश तेथे गोळा होतात आणि गळाने पकडले जातात. माल मोठा व सुंदर मिळतो. पण तो असतो नेमका अंडी घालायला आलेल्या जोड्यांचा, आणि झावळ्या उचलल्या की घातलेली अंडीही जातात. शिवाय तळाशी पडलेल्या या वस्तूंत ट्रॉलरची जाळी अडकून मच्छीमारांत वाद झाले. ज्या फांदीवर बसायचे तीच तोडण्याचा हा प्रकार.

आपल्याकडे रत्नागिरीचे दालदी बांधव, कोळी बांधव आणि बंदरोबंदरीचे मुस्लिम व्यापारी या धंद्यात आहेत. बोट ज्याची, जाळे त्याच्या हातात, हे खरे. पण भाव व्यापाऱ्याच्या हातात असतो. बोटभर लांबीची पिल्ले कोणी विकतच घेतली नाहीत, तर ती पकडण्याचा मोह कमी होईल. पावसाळ्यातील बंदीच्या काळात चोरून आणलेला माल कोणी उचलला नाही, तर बोट बाहेर जाणार नाही. अंड्यांचा झुपका जाळ्यात आला तर तो परत पाण्यात सोडण्यास काही खर्च येत नाही.

अमेरिकेच्या सोनाराला हे हाड परदेशातून मागवावे लागते, कारण त्याच्या समुद्रात हा प्राणी नाही. आपल्या सोनाराला ते ससून डॉकच्या कचऱ्यात मिळते. जे फुकट मिळते त्याची किंमत माणसाला राहत नाही. ती राहावी, मांसाचा दर्जा टिकावा, हाड वाया जाऊ नये आणि पुढल्या हंगामाची अंडी वाचावीत. एवढे जरी आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी मनावर घेतले, तरी हा धंदा आपल्या मुलांपर्यंत पोहोचेल.